आठवीनंतर सुटलेली शाळा पुन्हा कशी धरायची?

अबोली_टिळकनगर | सोमवार, रात्री १०.४५

नमस्कार. बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते. जरा लांबेल.

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींची थोरली मुलगी १९ वर्षांची आहे. घर गोवंडीच्या बैंगनवाडीत. मूळचे जालन्याकडचे. १९७२च्या दुष्काळात आजोबा बायकापोरं घेऊन मुंबईला आले आणि इथलेच झाले. ही मुलगी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकली. ती शाळा आठवीपर्यंतच होती. नववीसाठी मराठी माध्यमाची शाळा घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडच्या पलीकडे. तो रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. दिवसरात्र ट्रेलर आणि कचऱ्याचे डंपर. वडील म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. त्यात मार्च २०२० आला. घरात मोबाईल एकच, तोही वडिलांबरोबर कामावर जायचा. दीड वर्षाने शाळा उघडल्या तेव्हा हिच्यासाठी कोणीच शाळा शोधत नव्हतं.

शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयापर्यंतचा, म्हणजे आठवीपर्यंत. या मुलीच्या बाबतीत कायदा आणि शाळा एकाच दिवशी संपले.

आता ती घरी बसून धागेकटिंग करते. रेडिमेड कपड्यांचे गठ्ठे घरपोच येतात, शिलाईचे लोंबणारे दोरे कापायचे, नगावर पैसे. मागच्या आठवड्यात मावशींना ताप होता म्हणून ती आली होती. पोळ्या झाल्यावर हात पुसून माझ्या मुलाचं भूमितीचं पुस्तक चाळत उभी राहिली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "काकू, मला दहावीला बसता येईल का अजून? का वय गेलं?"

मला उत्तर देता आलं नाही. बँकेत नोकरी करते, रोज लोकांना फॉर्म भरून देते, पण हे मला माहीत नव्हतं. इथे शिक्षक आहेत, संस्थांत काम करणारे आहेत. रस्ता काय आहे ते नीट सांगाल का? आणि तिच्यासारख्या आणखी तीन-चार जणी तिच्याच गल्लीत आहेत म्हणे.

---

केतकी_व | सोमवार, रात्री ११.०५

वय अजिबात जात नाही. १७ नंबरचा फॉर्म म्हणून विचारा कुठल्याही हायस्कूलमध्ये. खाजगीरीत्या दहावीला बसता येतं. पाचवी पास आणि १४ वर्षं पूर्ण एवढंच लागतं. ती तर आठवी झालेली आहे. तिला आधी हे सांगा, बाकीचं नंतर.

---

फळा_खडू | मंगळवार, सकाळी ६.५०

मी परळ भागातल्या एका रात्रशाळेत १४ वर्षं शिकवतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

रात्रशाळा हा मुंबईचा जुना आधार. गिरणीत पाळी करणारी मुलं, खानावळीत, पेढीवर काम करणारी मुलं संध्याकाळी साडेसहाला यायची आणि साडेनऊला सुटायची. बोर्ड तेच, अभ्यासक्रम तोच, प्रश्नपत्रिका तीच. १९८२च्या संपानंतर गिरण्या गेल्या, पण वर्ग राहिले. आता कुरियरची मुलं येतात, कॅन्टीनची येतात, घरकाम करणाऱ्या बायका येतात. माझ्या मागच्या वर्षीच्या वर्गात ४२ वर्षांच्या एक ताई होत्या. त्यांची मुलगी दिवसाच्या शाळेत दहावीत आणि आई रात्रीच्या. दोघी एका पुस्तकावर अभ्यास करायच्या.

अडचणीही सांगतो. इमारत दिवसाच्या शाळेची असते, आम्हाला चार खोल्या मिळतात. प्रयोगशाळेला कुलूप, ग्रंथालयाला कुलूप. २०१७ साली दिवस-रात्र दोन्हीकडे शिकवणाऱ्या दुबार शिक्षकांना कमी करण्याचा शासन निर्णय आला तेव्हा ऐन जूनमध्ये कित्येक वर्गांना गणित-विज्ञानाला माणूस उरला नव्हता. ‘मासूम’ ही संस्था २००८पासून मुंबईच्या रात्रशाळांबरोबर काम करते. वह्या-पुस्तकं, प्रयोगाचं साहित्य, संध्याकाळचं खाणं हे त्यांच्यामुळे बऱ्याच शाळांत पोचलं. कामावरून थेट आलेल्या मुलाला सात वाजता भूक लागलेली असते. पोटात काही असेल तरच बीजगणित डोक्यात जातं, हे मी रोज बघतो.

पण अबोलीताई, तुमच्या प्रश्नापुरतं खरं बोलायचं तर रात्रशाळेत मुली कमीच. कारण साधं आहे. साडेनऊला शाळा सुटते. परळहून गोवंडीला पोचायला साडेदहा. एकोणीस वर्षांच्या मुलीला त्या वेळी एकटीने गल्लीत शिरू देणारं घर मी क्वचित पाहिलंय. जवळपास रात्रशाळा असेल आणि चार मुली मिळून जाणार असतील तर जरूर विचार करा. एकटीला पाठवू नका, दिवाळीच्या आधी सुटेल.

---

सीमा२७ | मंगळवार, दुपारी २.१५

हा धागा वाचून राहवलं नाही.

मी स्वतः १७ नंबरवाली आहे. नववीत असताना लग्न झालं. वय सांगत नाही, समजून घ्या. दोन मुलं झाल्यावर, २६व्या वर्षी दहावीला बसले. आज एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे आणि पदवीधर आहे.

केतकी म्हणतात तसं वय आडवं येत नाही. आडवा येतो तो शाळा सोडल्याचा दाखला. फॉर्मला तो मूळ लागतो. माझा दाखला माहेरच्या ट्रंकेत होता, पुरात गेला. दुय्यम प्रत काढायला शाळेत गेले तर तिथल्या कारकुनाने चार वेळा परत पाठवलं. एकदा म्हणे रजिस्टर सापडत नाही, एकदा म्हणे मोठ्या बाई रजेवर आहेत, एकदा म्हणे आता कशाला पाहिजे तुम्हाला. पाचव्या वेळी सासूबाई माझ्याबरोबर आल्या आणि ऑफिसच्या बाकड्यावर बसून राहिल्या. "दाखला घेतल्याशिवाय उठत नाही," म्हणाल्या. त्या दिवशी संध्याकाळी चारला मिळाला. त्या सही करायच्या तेवढ्याच शिकलेल्या होत्या. मी पास झाले तेव्हा पेढे त्यांनीच वाटले.

दुसरी गोष्ट नावाची. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. इथे बायका घाबरून परत जातात. फॉर्म भरताना नाव दाखल्यावरचंच लिहायचं. मार्कशीट त्याच नावाने येते. पुढे नोकरीला लग्नाचा दाखला जोडायचा किंवा नावबदलाचं राजपत्र करून घ्यायचं. तुमच्या मावशींच्या मुलीचं लग्न झालेलं नाही, त्यामुळे हा त्रास नाही. पण जन्मतारीख दाखल्यावर आणि आधारवर एकच आहे का ते आजच बघा. वस्तीत बरेचदा शाळेत एक तारीख आणि आधार कॅम्पमध्ये १ जानेवारी असं असतं.

फॉर्म पावसाळ्यात निघतात, साधारण जुलैपासून. बोर्डाच्या साइटवर ऑनलाइन भरायचा, आणि एक शाळा संपर्क केंद्र म्हणून मिळते. भाषेची तोंडी, विज्ञानाचं प्रात्यक्षिक, हॉल तिकीट सगळं त्या शाळेतून. त्या शाळेत अधूनमधून जाऊन तोंड दाखवत राहायचं, सूचना चुकत नाहीत. माझी पहिली तोंडी परीक्षा मला कळवलीच नव्हती. मी सहज गेले म्हणून समजलं.

बारावीनंतर मी एसएनडीटीतून बाहेरून बीए केलं. मराठीत पेपर लिहिले. कर्व्यांनी १९१६ साली बायकांसाठी विद्यापीठ काढलं ते मातृभाषेतून शिकवायचं म्हणूनच, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

---

तांबडी_माती | मंगळवार, रात्री ९.३०

सगळं वाचलं. सीमाताई, तुम्हाला नमस्कार.

माझं मत थोडं वेगळं आहे, पण तळमळीनेच लिहितोय. मी एका कारखान्यात सुपरवायझर आहे, भरती बघतो. दहावीला ३८-४० टक्के घेऊन येणाऱ्या मुलीला मी पॅकिंगलाच घेऊ शकतो, आणि आठवीवालीलाही पॅकिंगलाच. दोन वर्षं दहावीच्या मागे घालवण्यापेक्षा तिने आयटीआय करावं. शिवणकामासारख्या ट्रेडला आठवीवर प्रवेश मिळतो. दादरला खास मुलींची सरकारी आयटीआय आहे. मुलींना आरक्षण आहे, फी नगण्य. धागे कापणारी मुलगी मशीनवर बसली तर तिची कमाई लगेच वाढेल. तेच कापड, तीच सुई, फक्त खुर्ची बदलते.

---

स्वप्नाली_मानखुर्द | मंगळवार, रात्री ११.५०

मी मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये वाढले. आईने दुसऱ्यांच्या घरी भांडी घासून आम्हा तिघींना शिकवलं. आता सामाजिक कार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेतेय. म्हणून थोडं स्पष्ट बोलते, राग मानू नका.

तांबडी_माती दादा, आयटीआय चांगलीच आहे, माझी बहीण तिथूनच निघाली. पण "या मुलींनी हातकाम शिकावं" हे आम्ही लहानपणापासून ऐकतो. शिवण, मेंदी, पार्लर. प्रत्येक संस्था वस्तीत येते ती शिलाई मशीन घेऊन येते. ती मुलगी भूमितीचं पुस्तक उघडून उभी होती. तिने शिवणाचं विचारलं नाही. तिला काय व्हायचंय ते कोणी विचारलं का?

आणि दहावी-बारावीची किंमत गल्लीत काय आहे ते सांगते. अंगणवाडी मदतनीस व्हायलासुद्धा आता बारावी लागते, २०२३पासून. पूर्वी सातवीवर चालायचं. आमच्या शेजारच्या काकू वर्षानुवर्षं अंगणवाडीत खिचडी शिजवायच्या, त्यांची सून त्याच जागेला अर्ज करू शकली नाही. एएनएम, म्हणजे आरोग्यसेविकेच्या नर्सिंगला बारावी. ज्या कामांत बाईला वस्तीतच राहून थोडी इज्जत मिळते, त्या सगळ्यांच्या दारात आता बारावीची पाटी आहे. दहावी झाली नाही तर ती पाटी वाचण्यापुरतंही जवळ जाता येत नाही.

फळा_खडू सरांनी रात्रीच्या वेळेचं लिहिलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कागदाचं निघतं, फीचंही निघतं. वेळेचं कोणी बघत नाही. अबोलीताई, तिला एकदा विचारा: तुझ्या दिवसात कोणते दोन तास तुझे आहेत? त्या उत्तरावर सगळं ठरेल.

---

गिरगावकर_जुना | बुधवार, सकाळी ७.२०

स्वप्नालीने नेमकं बोट ठेवलं. माझ्या वडिलांची आठवण झाली.

वडील गोदीत कारकून होते, साठच्या दशकात. बाबासाहेबांनी १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढलं. तिथे सकाळचे वर्ग होते, नोकरी करणाऱ्या मुलांना जमावे म्हणून. वडील पहाटे डबा घेऊन निघायचे, तास करून दहाच्या आत गोदीच्या गेटवर. पदवी घेतली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. घरात त्यांचा टोपी-गाऊनमधला फोटो अजून आहे. कॉलेजची वेळ दहा ते पाच असती तर तो फोटो नसता.

त्याच्याही शंभरेक वर्षं आधी, १८५५ला, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली होती. दिवस मालकाचा, म्हणून शाळा रात्रीची. ज्यांना खरंच शिकवायचं होतं त्यांनी आधी शिकणाऱ्याचा दिवस पाहिला.

गंमत नाही, खंत म्हणून लिहितो: हे सगळं पुरुषाच्या कामाच्या वेळेवर बेतलेलं होतं. गिरणी सुटली की शाळा. घरात राबणाऱ्या मुलीची पाळी कधी सुटते याचा हिशोब आपण अजून मांडलेला नाही.

---

अबोली_टिळकनगर | शुक्रवार, रात्री १०.१०

सगळ्यांचे मनापासून आभार. स्वप्नाली, राग कसला. तू म्हणालीस तसं विचारलं. काल तिला घरी बोलावलं, चहा केला आणि दोघी बसून तिचा दिवस कागदावर लिहिला.

पहाटे पाचला पाणी येतं. पावणेसातपर्यंत पिंप, हंडे, बाटल्या. मग धाकट्या दोन भावांचे डबे आणि शाळा. नऊ ते बारा धागेकटिंग. बाराला स्वयंपाक. दीडला भाऊ येतात. अडीचला सगळे आडवे होतात. साडेचारला गठ्ठे न्यायला माणूस येतो, त्याच्या आधी नग मोजून ठेवायचे. पाचपासून पुन्हा संध्याकाळ. साडेसातनंतर बाहेर पडायचं नाही.

अडीच ते साडेचार. "हे माझे," म्हणाली. "पण या वेळेत मीपण झोपते काकू, कारण दुसरं काय करायचं."

काय व्हायचंय तेही विचारलं. पटकन म्हणाली, "लॅबमध्ये. रक्त तपासतात ना, तिथे." मावशींना अस्थमा आहे, त्यांच्याबरोबर सरकारी दवाखान्यात खेपा घालून तिने ती खिडकी पाहिलेली आहे. दहा वर्षं मी त्या घराला ओळखते आणि हे मला काल कळलं.

दाखला आहे. तांदळाच्या डब्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवला होता. सीमाताई, जन्मतारीख तपासली. आधारवर खरंच १ जानेवारी आहे!

---

सीमा२७ | शुक्रवार, रात्री १०.३०

आधारवरची तारीख शाळेच्या दाखल्याप्रमाणे करून घ्या, दाखला आधारप्रमाणे नाही. आधार केंद्रावर आधी जन्माचा दाखला मागतात. मुंबईत जन्म असेल तर वॉर्ड ऑफिसातून निघेल, त्यावर बाळाचं नाव नोंदलेलं नसेल तर आधी ते. एक-दोन खेपा होतील. तिला एकटीला पाठवू नका. एकट्या मुलीला खिडकीवर जे उत्तर मिळतं ते दोघी असल्या की बदलतं.

---

रानवाटा | शनिवार, दुपारी १२.४०

मी समाजकल्याणच्या कामात होते, आता निवृत्त. लॅब म्हटल्यावर पुढचा विचार आजच करा म्हणून लिहिते.

दहावीला बसायला जातीचा दाखला लागत नाही. पण अकरावीपासून शिष्यवृत्ती, फीमाफी, आरक्षणाची जागा, सगळं त्याच्यावर. आणि मुंबईतल्या वस्तीत मुली इथेच अडकतात. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखेला कुटुंब महाराष्ट्रात राहात होतं याचा पुरावा द्यावा लागतो. तीन पिढ्या मुंबईत काढलेल्या घराकडे तो कुठून असणार? तो गावात असतो. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, नाहीतर कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल. आणि जालना म्हणजे मराठवाडा. १९५०ला तो हैदराबाद राज्यात होता, जुन्या नोंदी उर्दूत नाहीतर मोडीत. वाचणारा माणूस गाठावा लागतो, भाषांतर करून घ्यावं लागतं. दिवाळीत गावी जाणार असतील तर यंदाच ते काम काढा. बारावीच्या निकालानंतर पळापळ सुरू केली तर वर्ष गेलं म्हणून समजा, कारण व्यावसायिक अभ्यासक्रमाला जातीच्या दाखल्याची पडताळणी झाल्याचं वैधता प्रमाणपत्रही लागतं.

पैशाचं. मुलींना बारावीपर्यंत अनुदानित शाळेत फी नाही. अनुसूचित जातीच्या मुलांना दहावीनंतर भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, अर्ज राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर. आणि ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं, उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून असेल तर. आधी ५० टक्के होतं. निर्णय चांगला आहे, मी मनापासून स्वागत केलं. पण आठवीला सुटलेल्या मुलीला त्या माफीपर्यंत पोचायला चार इयत्ता चढायच्या आहेत, आणि या चार इयत्तांची काळजी त्या निर्णयात नाही. आम्ही वरच्या मजल्याचं भाडं माफ केलं, जिना मोडलेलाच आहे.

---

तांबडी_माती | शनिवार, संध्याकाळी ७.००

स्वप्नाली, तुझं पटलं. मी माझ्या गेटवरून बघत होतो. लॅबचं ऐकून मी माझं आयटीआयचं म्हणणं मागे घेतो, निदान हिच्यापुरतं.

एक सावधगिरीची सूचना. माझ्याकडे कामाला असलेल्या एका मुलीने "तीन महिन्यांत डायरेक्ट दहावी" म्हणून एका क्लासला १८ हजार भरले. मार्कशीट हातात आली, बोर्डाचं नाव चकाचक, पण पुढे कॉलेजने घेतलं नाही. असं मंडळच मान्यताप्राप्त नव्हतं. अभ्यासाशिवाय पास करून देतो म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका. राज्य मंडळ, नाहीतर केंद्राची मुक्त विद्यालयाची संस्था, नाहीतर राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ. यांच्याबाहेर जाऊ नका.

---

केतकी_व | शनिवार, रात्री ८.४५

केंद्राच्या संस्थेचं थोडं सांगते, एनआयओएस. माझ्या भाच्याने तिथून दहावी केली. विषय आपण निवडायचे, गणित सक्तीचं नाही. वर्षातून दोनदा परीक्षा, आणि पाच वर्षांत नऊ संधी. एकेक विषय सोडवत गेलं तरी चालतं. घर-काम-बाळ सांभाळणाऱ्या बाईला ही सोय फार मोठी आहे. पण लॅबमध्ये जायचं तर पुढे विज्ञान लागणार, म्हणून हिने गणित-विज्ञान सोडू नये. राज्य बोर्डाचं १७ नंबर बरं, पुस्तकं मराठीत, बालभारतीच्या साइटवर फुकट उतरवून घेता येतात, आणि विचारायला आजूबाजूला माणसंही त्याच अभ्यासक्रमाची.

---

फळा_खडू | रविवार, सकाळी ९.१५

अडीच ते साडेचार म्हणजे आठवड्याचे बारा तास, रविवार सोडून. नीट वापरले तर पुरतात. माझ्या रात्रीच्या वर्गालाही आठवड्याला फारसे जास्त मिळत नाहीत.

पाच वर्षं वही बंद असलेल्या मुलीला थेट दहावीचं पुस्तक देऊ नका. पहिला दीड महिना फक्त अपूर्णांक, ऋण संख्या, टक्केवारी आणि रोज एक पान मराठी लिहिणं. हात पुन्हा लिहिता व्हायला हवा. माझ्याकडे येणारी मोठी माणसं गणितात कमी आणि तीन तास पेन धरण्यात जास्त हरतात. पहिल्या चाचणीत चाळीस मिनिटांनी बोटं दुखून पेन खाली ठेवलेले किती पाहिले. इंग्रजीला घाबरते असं म्हणेल. तिला रोजच्या गठ्ठ्यांवरची लेबलं वाचायला लावा, तिथून सुरुवात करा.

आणि विज्ञानात आधी रक्त, पचन, श्वसन घ्या. क्रम पुस्तकाचा नको, तिचा.

---

स्वप्नाली_मानखुर्द | रविवार, दुपारी १.००

जागा मी बघते. शिवाजीनगरमध्ये एका ओळखीच्या ताई बालवाडी चालवतात, दुपारी एकनंतर खोली रिकामी असते. पंखा आहे, संडास आहे. संडास आहे हे मुद्दाम लिहितेय, मुलींच्या वर्गाला पहिली चौकशी तीच करावी.

‘प्रथम’चा सेकंड चान्स नावाचा कार्यक्रम आहे, शाळा सुटलेल्या मुली-बायकांना दहावीला बसवण्याचा. १९९५ला या संस्थेची सुरुवातच मुंबईच्या वस्त्यांतल्या बालवाड्यांपासून झाली. आपल्या भागात आत्ता तुकडी चालू आहे का ते मी विचारून सांगते. नसेल तर आपण आहोतच.

तिच्या वडिलांशी कोण बोलणार? आईचा होकार पुरत नाही. माझ्या अनुभवात बाप "नको" क्वचित म्हणतो. तो "बघू" म्हणतो, आणि त्या "बघू"त वर्ष जातं.

---

अबोली_टिळकनगर | पाच आठवड्यांनी, बुधवार, रात्री ९.४०

धागा वर काढतेय, कारण सांगायला आहे बरंच.

वडिलांशी बोलायला मी आणि माझा नवरा दोघं गेलो. ते नाक्यावर हातगाडीवर माल वाहतात. दोन तास बसलो. म्हणाले, "शिकू दे, पण गठ्ठ्याचे पैसे कमी झाले तर घर कसं चालायचं?" प्रश्न बरोबर होता. आम्ही आकडा विचारला. दुपारच्या दोन तासांत ती नग कापत नव्हतीच, फक्त साडेचारच्या आधी मोजायची. ते मोजणं आता मधला भाऊ करतो. तेरा वर्षांचा आहे, नीट मोजतो. बहिणीचं एक काम भावाने उचललं, एवढ्यावर वर्ग सुरू झाला.

बालवाडीची खोली मिळाली. सोमवार ते शनिवार, अडीच ते सव्वाचार. पहिल्या दिवशी ती एकटीच होती. दुसऱ्या आठवड्यात सहा जणी झाल्या. त्यात एक २४ वर्षांची आहे, कडेवर मूल घेऊन येते. बालवाडीच्या खेळण्यांत ते रमतं. एक उर्दू माध्यमातून आठवी झालेली आहे, तिचा प्रश्न वेगळाच: मराठी पेपर पहिल्यापासून शिकावा लागेल, किंवा उर्दू माध्यमाचं संपर्क केंद्र शोधावं लागेल. स्वप्नाली त्याच्या मागे आहे. एक मुलगी चार दिवस आली आणि थांबली. तिचं लग्न ठरलं. अठरा पूर्ण आहेत, म्हणून कायद्याने काही म्हणता येत नाही. तिची वही माझ्या पिशवीत आहे. सासर कुर्ल्याला आहे, तिथे जाऊन द्यायची आहे.

आधारची तारीख दुरुस्त झाली, तीन खेपांत. चार जणींचे १७ नंबरचे फॉर्म भरून झाले. पाचव्या मुलीचा दाखला अजून तिच्या जुन्या शाळेतून यायचाय. सीमाताईंच्या सासूबाईंसारखं मी परवा तिथे बाकड्यावर बसणार आहे, रजा टाकली आहे.

अपूर्णांक झाले. ऋण संख्यांना पोरी आधी अडखळल्या. "उधारी" म्हटल्यावर एका दिवसात समजलं, फळा_खडू सर. किराण्याच्या वहीत उणे काय असतं ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मराठी आणि सामाजिक शास्त्रं मी शनिवारी घेते. इंग्रजी माझी मैत्रीण मंगळवारी. विज्ञानाला स्वप्नालीच्या कॉलेजची एक मुलगी सोमवार-बुधवार. शुक्रवारी सगळ्यांना चाचणी. गणिताला गुरुवारी कोणीच नाही. व्हिडिओ लावून पाहिला, पण शंका विचारली की व्हिडिओ पुढे निघून जातो. माणूस हवा. मार्चपर्यंत, दर गुरुवारी, पाऊस असो नसो. एकदा येऊन बंद करणार असाल तर कृपया नको. या मुलींना मध्येच बंद झालेली शाळा माहीत आहे.

---

गिरगावकर_जुना | बुधवार, रात्री १०.०५

मी ६६ वर्षांचा आहे. म्युनिसिपल शाळेत ३१ वर्षं गणित शिकवलं, हे आधी लिहिलं नव्हतं. गुडघा थोडा दुखतो, पण हार्बर लाइनला दुपारी बसायला जागा मिळते. उद्यापासून येतो. गोवंडीला पूर्वेला उतरायचं की पश्चिमेला?

---

अबोली_टिळकनगर | बुधवार, रात्री १०.०८

पश्चिमेला, काका. सव्वादोनला तिकीट खिडकीपाशी दोघी न्यायला उभ्या असतील. खडू आहेत. फळ्याचा एक कोपरा निघालाय, तेवढा सांभाळून घ्या.